खडूची खूण

आनंदीबाई जोशी ४ जून १८८३ रोजी न्यूयॉर्कच्या बंदरात उतरल्या तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा होते. प्रकृती आधीपासूनच तोळामासा. ताप, डोकेदुखी, थकवा यांच्या तक्रारी त्यांनी अमेरिकेतल्या आपल्या स्नेही कार्पेंटरबाईंना पत्रांतून कळवलेल्या होत्या आणि बाईंनी तिकडून औषधेही पाठवली होती. अशी अशक्त मुलगी डॉक्टर होण्यासाठी घरच्या माणसांविना त्या देशात आली आणि कार्पेंटरबाईंच्या घरी गेली. आजारी माणसाला केवळ आजारासाठी बंदरातूनच परत पाठवा, असे सांगणारा केंद्रीय कायदा तेव्हा अमेरिकेत नव्हता. पंचवीस वर्षांनंतर ती तिथे आली असती, तर क्षयाचा नुसता संशय तिला अडवायला पुरेसा ठरला असता.

या पंचवीस वर्षांत अमेरिकेने परदेशी माणसाच्या शरीराची तपासणी करणारी एक प्रचंड यंत्रणा उभी केली. आज ग्रीन कार्डासाठी अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला सरकारने नेमलेल्या डॉक्टरसमोर उभे राहावे लागते. रक्त, छातीचा एक्स-रे, लसींच्या नोंदी, सीलबंद लिफाफा या साऱ्या सोपस्कारांचे मूळ तिथेच आहे. रोग रोखणे हा या तपासणीचा हेतू होताच. पण कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला नाही, हे ठरवणारे हात अनेकदा रोगाची यादी हाती धरून वेगळीच निवड करत होते. ते कसे घडत गेले, ते क्रमाने पाहण्यासारखे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तीन गोष्टी एकदम जुळून आल्या. पहिली म्हणजे वाफेची जहाजे. शिडाच्या जहाजाला अटलांटिक ओलांडायला महिना-दीड महिना लागे. आगबोटींनी तो प्रवास आठ-दहा दिवसांवर आणला. पूर्वी आजारी माणसाचा आजार वाटेतच उघडा पडे. आता रोगाची लक्षणे दिसण्याआधीच माणूस बंदरात पोहोचू लागला. दुसरी गोष्ट, येणारे लोक बदलले. इंग्लंड, आयर्लंड, जर्मनीच्या जागी दक्षिण इटली, पोलंड, रशिया, हंगेरी इथले गरीब शेतकरी आणि ज्यू कारागीर येऊ लागले. त्यांची भाषा, धर्म, पेहराव अमेरिकेतल्या जुन्या रहिवाशांना परके वाटत होते. आणि तिसरी गोष्ट, रोगजंतू. रॉबर्ट कॉखने १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखवला आणि पुढच्या दोन वर्षांत इजिप्त व कलकत्ता इथे जाऊन पटकीचा जंतू शोधला. दिसायला धडधाकट माणूसही रोग घेऊन फिरत असू शकतो, ही कल्पना डॉक्टरांकडून वर्तमानपत्रांत आणि तिथून सामान्य माणसाच्या मनात उतरली.

१८८२ च्या कायद्याने वेडसर, मतिमंद आणि ‘सरकारवर बोजा होईल’ अशा माणसाला प्रवेश नाकारला होता. ३ मार्च १८९१ च्या कायद्याने त्यात ‘किळसवाणा किंवा धोकादायक संसर्गजन्य रोग’ असणाऱ्यांची भर घातली, आणि तपासणीचे काम खलाशांच्या उपचारांसाठी १७९८ मध्ये स्थापन झालेल्या मरीन हॉस्पिटल सर्व्हिसच्या डॉक्टरांवर सोपवले. ही संस्था पुढे पब्लिक हेल्थ सर्व्हिस झाली. १८९२ च्या प्रारंभी ‘मसिलिया’ जहाजातून आलेल्या रशियन ज्यूंमध्ये टायफस निघाला आणि न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत पसरला. त्याच वर्षी हॅम्बुर्गमध्ये पटकीने हजारो माणसे गेली. नव्या कायद्याच्या गरजेबद्दल ज्यांना शंका होती, त्यांचीही तोंडे बंद झाली.

नाकारलेल्या प्रवाशाला परत नेण्याचा खर्च जहाज कंपनीने सोसायचा, हे कायद्यातले एक कलम फार दूरवर पोहोचले. १९०३ मध्ये त्याला दंडाची जोड मिळाली. चढतानाच ओळखता आला असता असा रोग असलेला माणूस आणला, तर माणशी शंभर डॉलर. साहजिकच कंपन्या युरोपातल्या बंदरांतच प्रवाशांना न्हाऊ घालू लागल्या, त्यांचे सामान धुरी देऊन निर्जंतुक करू लागल्या. अमेरिकेची वेस अशा तऱ्हेने हॅम्बुर्ग, नेपल्स, लिव्हरपूलपर्यंत सरकली.

फ्यूमे या बंदरात (आज ते क्रोएशियात आहे आणि त्याचे नाव रिएका) १९०४ मध्ये फिओरेलो ला ग्वार्डिया नावाचा विशीतला तरुण अमेरिकेचा प्रतिनिधी म्हणून नेमला गेला. जहाजावर सगळे निरोगी आहेत, या दाखल्यावर सही करून फी घ्यायची, एवढेच त्याचे काम. त्याने मात्र प्रत्येक प्रवाशाला डॉक्टरने प्रत्यक्ष तपासावे असा हट्ट धरला. क्युनार्ड कंपनीने नकार दिला तेव्हा याने दाखला रोखून धरला, आणि दाखल्याशिवाय जहाजाला अमेरिकेत अडचण येणार होती. अखेर कंपनी नमली. त्याचा हेतू साधा होता. घरदार, गाई-गुरे विकून निघालेल्या माणसाला महासागर ओलांडून गेल्यावर परत पाठवण्यापेक्षा निघण्याआधीच खरे सांगणे बरे. एकदा ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातल्या आर्चडचेसला प्रवासी जहाजात चढताना पाहायचे होते, म्हणून त्यांना जहाज सुटण्याच्या कितीतरी आधीच चढवायचा घाट घातला गेला. जहाजाच्या कोंदट तळात माणसांना दिवसचे दिवस डांबून ठेवणे ला ग्वार्डियाला मान्य नव्हते. त्याने परवानगी नाकारली. पुढे न्यूयॉर्कचा महापौर म्हणून गाजलेल्या या माणसाने हे सारे आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. तपासणी सक्तीची असूनही माणुसकीने करता येते, याचे मला त्या काळात सापडणारे हे सर्वांत चांगले उदाहरण वाटते.

आता एलिस आयलंडकडे येऊ. न्यूयॉर्क बंदरातल्या या बेटावरचे तपासणी केंद्र १ जानेवारी १८९२ रोजी सुरू झाले, पाच वर्षांनी तिथल्या लाकडी इमारती जळाल्या आणि डिसेंबर १९०० मध्ये विटांची नवी वास्तू उभी राहिली. १९५४ मध्ये ते बंद होईपर्यंत सव्वा कोटीच्या आसपास माणसे तिथून गेली. पण न्यूयॉर्कला येणाऱ्या सगळ्यांनाच तिथे जावे लागत नसे. पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशांना डॉक्टर जहाजावरच, त्यांच्या खोलीत किंवा दिवाणखान्यात जाऊन पाहत आणि बहुतेकांना सरळ शहरात जाऊ देत. बेटावर नेले जात ते तळातल्या स्वस्त वर्गातले. रोगजंतू तिकिटाचा वर्ग पाहत नाहीत, हे डॉक्टरांना ठाऊक होते. तरीही पहिल्या दिवसापासून हा भेद यंत्रणेत पक्का बसलेला होता.

बेटावरच्या रांगेचे सविस्तर वर्णन तिथल्याच युजीन मलन या डॉक्टरने १९१७ मध्ये सरकारी नियतकालिकात केले. माणसे हातात, खांद्यावर बोचकी घेऊन एकामागून एक येत. ओझे घेऊन चालताना कोणाला धाप लागते, कोण लंगडतो, कोणाची मान वाकडी आहे, हे डॉक्टर अंतरावरूनच टिपत असत. डोके, चेहरा, मान, हात, चाल अशी नजर वरून खाली फिरे. लहान मुलाला आईच्या कडेवरून खाली उतरवून चालायला लावत, त्याचे नाव विचारत. काही सेकंदांत निर्णय होई आणि शंका आली तर डॉक्टर कोटावर खडूने अक्षर लिही. एच म्हणजे हृदय, एल म्हणजे लंगडेपणा, के म्हणजे अंतर्गळ, जी म्हणजे गलगंड, पीजी म्हणजे गरोदरपण, एससी म्हणजे डोक्यातले खवडे, ई म्हणजे डोळे. एक्स ही फुली मानसिक दोषाच्या संशयाची. शंभरातल्या पंधरा-वीस जणांवर अशी काहीतरी खूण उमटे आणि त्यांना रांगेतून बाजूला काढून तपासणीच्या खोल्यांकडे नेत. ही अक्षरे काय सांगतात, ते ज्यांच्या अंगावर ती होती त्यांना कळत नसे. काहींनी शक्कल लढवून कोट उलटा करून घातला आणि खूण लपवली, अशा आठवणी पुढे अनेकांनी सांगितल्या.

रांगेच्या शेवटी डोळ्यांचा डॉक्टर उभा असे, आणि लोकांना सर्वांत मोठी धास्ती त्याचीच होती. बुटांची बटणे अडकवण्याच्या आकड्याने किंवा बोटाने तो पापणी उलटी करून आतली बाजू पाही. शोध असे खुपऱ्यांचा. १८९७ मध्ये या रोगाची गणना धोकादायक संसर्गजन्य रोगांत झाली होती. प्रतिजैविके यायला अजून चाळीस वर्षे होती. मोरचुदाची कांडी पापण्यांच्या आत घासणे हाच त्या काळचा इलाज, तोही महिनोन्महिने चालणारा आणि स्वतःच्या खर्चाने. बहुतेकांच्या वाट्याला परतीचे जहाजच येई. संसर्गजन्य रोगासाठी परत पाठवलेल्यांत खुपऱ्यांचे रुग्ण सर्वाधिक असत. खुपऱ्यांनी माणूस मरत नाही, तो कालांतराने आंधळा होऊ शकतो. म्हणजे प्रश्न साथीइतकाच, किंवा त्याहून अधिक, पोट भरण्याच्या क्षमतेचा होता. एखाद्या कुटुंबातली दहा वर्षांची मुलगी खुपऱ्यांनी अडली तर तिच्याबरोबर आईने परत जायचे की वडिलांनी, बाकीच्यांनी इथे राहायचे की नाही, हे त्या गोंगाटाच्या सभागृहात दुभाष्यामार्फत ठरवावे लागे. १९०७ ते १९१० या काळात ला ग्वार्डिया तिथे दुभाष्या होता. या ताटातुटीची सवय आपल्याला कधीच झाली नाही, असे त्याने नोंदवले आहे.

डॉक्टर मात्र निर्णयापासून स्वतःला जपून दूर ठेवत. ‘ए’ वर्ग म्हणजे कायद्याने थेट नाकारलेला रोग, ‘बी’ वर्ग म्हणजे कमाईच्या ताकदीवर परिणाम करणारा दोष, एवढा दाखला ते देत. प्रवेश द्यायचा की नाही ते इमिग्रेशनचे अधिकारी ठरवत. चौकशी मंडळावर बसायला डॉक्टरांनी नकारच दिला होता. आपण फक्त वैद्यकीय सत्य सांगतो, अशी त्यांची भूमिका होती. ती प्रामाणिक होती, यात मला शंका नाही. पण त्यामुळे एक विचित्र परिस्थिती निर्माण झाली. डॉक्टर म्हणत, आम्ही परत पाठवत नाही. अधिकारी म्हणत, डॉक्टरांनी दाखला दिला म्हणून पाठवावे लागते. माणूस परत जायचा, आणि त्याची जबाबदारी कोणाच्याच नावावर लागायची नाही.

त्याच बेटावर त्याच डॉक्टरांनी चालवलेले मोठे इस्पितळही होते, हेही सांगायला हवे. १९०२ पासून तिथे गोवर, घटसर्प, न्यूमोनियाच्या हजारो रुग्णांवर उपचार झाले. साडेतीनशेच्या आसपास बाळे जन्मली आणि सुमारे साडेतीन हजार माणसे तिथेच वारली. बरे झालेल्यांपैकी बहुतेकांना प्रवेश मिळाला. एकूण आलेल्यांपैकी सर्व कारणांनी मिळून शंभरात सुमारे दोनच माणसे परत गेली. प्रमाण लहान, पण आकडा काही लाखांत जातो. शिवाय नाकारण्याचे कारण झपाट्याने बदलत गेले. १८९८ मध्ये परत पाठवलेल्या शंभरांपैकी वैद्यकीय कारणाचे जेमतेम दोन असत. १९१३ पर्यंत ते निम्म्याहून जास्त झाले.

त्यामागे १९०७ चा कायदा होता. त्या एका वर्षात एलिस आयलंडवर दहा लाखांहून अधिक लोक उतरले आणि त्यांना आवरण्याची मागणी जोर धरू लागली. कायद्याने यादीत क्षयाचा स्पष्ट उल्लेख केला, ‘मंदबुद्धी’ हा शब्द घातला आणि उपजीविकेला बाधा आणणारा कोणताही शारीरिक दोष नाकारण्याचे कारण ठरवला. ‘दुबळी शरीरयष्टी’ हा शेरा आता दाखल्यांवर वारंवार दिसू लागला. अरुंद छाती, बारीक दंड, फिकट चेहरा. अर्धपोटी खेड्यातून निघून, लांबचा प्रवास करून आलेला माणूस आणखी कसा दिसणार होता? ज्या कारखान्यांना आणि खाणींना मजूर हवे होते, त्यांच्या डोळ्यांनीच हे शरीर तपासले जात होते.

बुद्धी मोजण्याचे काम तर त्याहून निसरडे. हॉवर्ड नॉक्स या बेटावरच्या डॉक्टरला, लिहिता-वाचता न येणाऱ्या शेतकऱ्याला इंग्रजी शाळेतले प्रश्न विचारणे अन्यायाचे वाटत होते; म्हणून त्याने लाकडी ठोकळ्यांच्या, भाषेची गरज नसलेल्या चाचण्या तयार केल्या. त्यांचा हेतू माणसांना वाचवण्याचा होता. हेन्री गॉडर्ड या मानसशास्त्रज्ञाने मात्र १९१३ मध्ये बेटावर आपले सहायक पाठवून अगदी थोड्या लोकांची परीक्षा घेतली आणि १९१७ मध्ये प्रसिद्ध केले की तपासलेल्या ज्यू, इटालियन, हंगेरियन, रशियन लोकांपैकी ऐंशी टक्क्यांच्या आसपास मंदबुद्धी निघाले. कागद-पेन्सिल आयुष्यात प्रथमच हातात धरणाऱ्या, प्रवासाने थकलेल्या, घाबरलेल्या माणसांवरची ही परीक्षा होती. गॉडर्डने पुढे आपली बरीच मते मागे घेतली. तोवर ते आकडे राजकारण्यांच्या कामी येऊन गेले होते.

पॅसिफिकच्या किनाऱ्यावर हे सगळे अधिक उघडेवाघडे होते, आणि तिथल्या कथेला एक मुंबईचा धागाही आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. मांडवीपासून पुण्यापर्यंत त्याने काय केले ते मराठी वाचकाला सांगायला नको. जानेवारी १८९७ मध्ये वाल्देमार हाफकिनने मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली. तीन वर्षांनी, मार्च १९०० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये प्लेगचा पहिला रुग्ण सापडला. अधिकाऱ्यांनी तो मोहल्ला दोरखंड बांधून बंद केला, आणि शहराबाहेर जायचे असेल तर हाफकिनची लस टोचून घ्यावी, असा हुकूम काढला. तो फक्त चिनी आणि इतर आशियाई लोकांसाठी होता. चिनी रहिवासी न्यायालयात गेले. न्यायाधीश विल्यम मॉरो यांनी मे १९०० मध्ये हा हुकूम रद्द केला. प्लेग वंश पाहून होतो असे दाखवणारा कोणताही पुरावा नाही, म्हणून एका वंशावर सक्ती लादता येणार नाही, असा निकालाचा आशय होता. मुंबईत माणसे वाचवण्यासाठी तयार झालेली लस तिथे माणसे कोंडण्याचे साधन झाली होती. लशीत दोष नव्हता. ती कोणाला आणि का टोचायची, हे ठरवणाऱ्यांचा दोष होता.

२१ जानेवारी १९१० रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत एंजल आयलंड या बेटावर स्थलांतरितांच्या तपासणीचे केंद्र सुरू झाले. एलिस आयलंडवर बहुतेकांची सुटका काही तासांत होई. इथे चिनी माणसे आठवडे, कधी महिने अडकून पडत. बराकींच्या लाकडी भिंतींवर त्यांनी कोरलेल्या कविता आजही तिथे आहेत. इथे रांगेतली नजर पुरेशी मानली गेली नाही. प्रत्येकाच्या शौचाचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली जाई, कारण १९१० मध्ये अंकुशकृमीचा संसर्ग धोकादायक रोगांच्या यादीत टाकला गेला होता. अनवाणी पायांतून शरीरात शिरणारा हा जंत उष्ण आणि दमट मुलुखातल्या गरीब शेतकऱ्यांत सर्रास असे. पंजाबातून येणाऱ्या हिंदी मजुरांना या नियमाचा मोठा फटका बसला.

काळ लक्षात घ्यायला हवा. एशियाटिक एक्स्क्लूजन लीग या संघटनेने त्याच वर्षी, हिंदी लोकांना सहज आत सोडतो म्हणून सॅन फ्रान्सिस्कोच्या इमिग्रेशन कमिशनरला हटवण्याची मोहीम चालवली आणि त्याला जावे लागले. त्यानंतर हिंदी लोकांना नाकारण्याचे प्रमाण वाढले. ‘सरकारवर बोजा’ हे कारण होते, ‘दुबळी शरीरयष्टी’ होते, आणि आता सूक्ष्मदर्शकाचाही आधार मिळाला होता.

हाच जंत तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत लाखो लोकांच्या पोटात होता. चार्ल्स वार्डेल स्टाइल्सने १९०२ मध्ये त्याचा अमेरिकेतला प्रकार ओळखला होता, आणि १९०९ मध्ये रॉकफेलरने त्याच्या निर्मूलनासाठी दहा लाख डॉलर दिले. गावोगाव दवाखाने लागले, संडास बांधायला शिकवले गेले, औषध म्हणून थायमॉल दिले गेले. थायमॉल म्हणजे आपल्या ओव्याचे सत्त्व. थोड्या दिवसांचा उपचार आणि माणूस बरा. जॉर्जियातल्या शेतकऱ्याला जो आजार झाल्यावर सरकार आणि दाता औषध घेऊन त्याच्या दारी जात, तोच आजार होशियारपूरच्या शेतकऱ्याला असला तर त्याला हजारो मैल परत पाठवले जाई. चिनी समाजाच्या निषेधानंतर एंजल आयलंडवर स्वखर्चाने उपचार घेण्याची मुभा मिळाली. मला या साऱ्या इतिहासात याहून स्पष्ट पुरावा सापडत नाही की यादीवर कोणता रोग असावा हे केवळ वैद्यकशास्त्र ठरवत नव्हते.

मेक्सिकोच्या सीमेवर टायफसचे निमित्त होते. उवांमुळे पसरणारा हा रोग तेव्हा खरोखरच जीवघेणा होता; त्याबद्दलची काळजी खोटी नव्हती. पण एल पासोत जानेवारी १९१७ मध्ये उभारलेल्या केंद्रात रोज सीमा ओलांडून धुणीभांडी करायला येणाऱ्या मेक्सिकन बायकांना कपडे उतरवून रासायनिक पाण्याने आंघोळ घालायची व्यवस्था झाली. आदल्या वर्षी त्याच शहराच्या तुरुंगात अशाच ज्वालाग्राही द्रावणाच्या आंघोळीच्या वेळी आग लागून अनेक कैदी होरपळून मेले होते. सगळ्यांना ते आठवत होते. २८ जानेवारीला कार्मेलिता तोरेस या सतरा वर्षांच्या मोलकरणीने ट्रॅममधून उतरून आंघोळीला नकार दिला आणि इतरांना हाक दिली. तासाभरात शेकडो बायका सीमेवरच्या पुलावर जमल्या, ट्रॅम अडवल्या, वाहतूक ठप्प झाली. लष्कराने ते बंड मोडले. आंघोळी पुढे काही दशके चालू राहिल्या, आणि १९२९ पासून कपड्यांना धुरी देण्यासाठी तिथे झायक्लोन बी हा विषारी वायू वापरला जाऊ लागला.

फेब्रुवारी १९१७ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, नवा कायदा केला. त्याने नकाशावर एक पट्टाच आखला आणि भारतासह आशियाच्या मोठ्या भागातून मजुरांना येण्यास बंदी घातली. हिंदी मजुरासाठी आता अंकुशकृमी शोधण्याचीही गरज राहिली नाही. १९२४ च्या कायद्याने युरोपीय देशांना वंशाच्या हिशेबाने कोटे ठरवून दिले आणि व्हिसा परदेशातल्या वकिलातीतूनच घेण्याची सक्ती केली. पुढच्या वर्षापासून ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये अमेरिकी सरकारचे डॉक्टर बसवून तपासणी सुरू झाली, मग इतर देशांत. फ्यूमेच्या त्या तरुण प्रतिनिधीने वीस वर्षांपूर्वी जे एकट्याने करून दाखवले होते, ते आता धोरण झाले. माणसाला समुद्र ओलांडून परत यावे लागत नाही, हा मोठा दिलासा होता. पण नकार आता गावच्या जवळच, बंद खोलीत, कोणाच्या नजरेस न पडता मिळू लागला. वर्तमानपत्रवाले, मदत संस्था, वकील यांना एलिस आयलंडवर जे दिसत होते, ते दिसेनासे झाले.

१९५२ च्या कायद्यात ‘मनोविकृत व्यक्तिमत्त्व’ असा शब्दप्रयोग होता आणि त्याआधारे समलिंगी व्यक्तींना नाकारले जाई. त्यासाठी पब्लिक हेल्थ सर्व्हिसच्या डॉक्टरचा दाखला लागे. अमेरिकी मनोविकार संघटनेने १९७३ मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. १९७९ मध्ये सर्जन जनरल ज्युलियस रिचमंड यांनी आपल्या डॉक्टरांना सांगितले की हा आजार नाही, तेव्हा असा दाखला देऊ नका. डॉक्टरांनी शासनाला दाखला देण्याचे नाकारले, अशी ही दुर्मीळ घटना. काँग्रेसने कायदा बदलायला मात्र १९९० उजाडले.

एचआयव्हीची कथा अधिक दुःखद आहे. १९८७ मध्ये हा संसर्ग प्रवेशबंदीच्या यादीत गेला. तो हवेतून, स्पर्शातून पसरत नाही, हे तोवर स्पष्ट झाले होते. १९९२ ची आंतरराष्ट्रीय एड्स परिषद या बंदीमुळे बोस्टनहून ॲमस्टरडॅमला हलवावी लागली. हैतीतून राजकीय छळामुळे पळून आलेल्या आणि आश्रयाचा दावा ग्राह्य ठरलेल्या दोनशेहून अधिक लोकांना केवळ एचआयव्हीसाठी ग्वांतानामोच्या तळावर काटेरी कुंपणात ठेवले गेले. जून १९९३ मध्ये न्यायाधीश स्टर्लिंग जॉन्सन यांच्या आदेशाने ती छावणी बंद झाली. त्याच वर्षी काँग्रेसने बंदी कायद्यातच लिहून टाकली. ती उठायला ४ जानेवारी २०१० हा दिवस यावा लागला. या बावीस-तेवीस वर्षांत किती नवरा-बायकोंनी वेगळे राहून, किती जणांनी आजार लपवून, उपचार टाळून दिवस काढले, याची मोजदाद कोण करणार?

१९६५ च्या कायद्याने वंशावर आधारलेले कोटे गेले आणि आपल्याकडचे लोक मोठ्या संख्येने अमेरिकेत जाऊ लागले. त्यांच्यात मुंबई-पुण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून बाहेर पडलेले डॉक्टरही पुष्कळ होते. ज्या देशाने त्यांच्या आजोबांच्या पिढीला जंतावरून अडवले, त्या देशाच्या इस्पितळांना आता हे डॉक्टर हवे होते.

आजची तपासणी कशी आहे? भारतातून स्थलांतराच्या व्हिसावर जाणाऱ्याला वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडे जावे लागते; अमेरिकेत राहून ग्रीन कार्डासाठी अर्ज करणाऱ्याला तिथल्या नेमलेल्या डॉक्टरकडे. यादीत क्षय, संसर्गजन्य अवस्थेतला कुष्ठरोग, उपदंश आणि परमा हे रोग आहेत. १९९६ च्या कायद्याने लसींची अट घातली. कोविडची लस ऑक्टोबर २०२१ मध्ये या यादीत आली आणि जानेवारी २०२५ मध्ये गेली. आपल्याकडच्या कुटुंबांची सर्वाधिक चिंता क्षयाशी निगडित असते. दोन वर्षांवरच्या मुलांचीही चाचणी होते. पूर्वी ती हातावर सुई टोचून होई, आणि बीसीजी घेतलेल्या भारतीय मुलाचा हात त्यामुळे क्षय नसतानाही सुजू शके. मग पुढचे एक्स-रे, वाट पाहणे, विमानाची तिकिटे रद्द होणे. आता रक्ताची चाचणी होते, जिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. हा बदल छोटा वाटेल, पण तो होण्यासाठी दुसऱ्या देशातल्या लसीकरणाचा विचार नियम करणाऱ्यांना करावा लागला.

२००७ पासून अमेरिकेने आणखी एक गोष्ट केली. एक्स-रेमध्ये संशय आलेल्याची थुंकी नुसती सूक्ष्मदर्शकाखाली न पाहता तिच्यातून जंतू वाढवून पाहायचे, आणि क्षय निघाला तर देखरेखीखाली पूर्ण उपचार करून मग व्हिसा द्यायचा, असा नियम टप्प्याटप्प्याने जगभर लागू केला. जुन्या पद्धतीतून निसटले असते असे हजारो रुग्ण त्यामुळे सापडले, बरे झाले आणि मग गेले. त्यांच्या घरातली, विमानातली, नव्या शहरातली माणसेही वाचली. रोगाला रोग म्हणून पाहिले, त्यावर औषध दिले आणि दार उघडे ठेवले, तर या तपासणीतून किती चांगले काम होते, ते इथे दिसते.

पण अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात १८८२ चा ‘सरकारवर बोजा’ हा शब्दप्रयोगही अजून जिवंत आहे. १९९६ मध्ये काँग्रेसने हा बोजा ठरवताना वय, कुटुंब, मालमत्ता आणि शिक्षण यांच्या जोडीला आरोग्यही विचारात घ्यावे असे लिहिले. फेब्रुवारी २०२० मध्ये लागू झालेल्या नियमाने त्याचा अर्थ बराच ताणला. दीर्घ उपचार लागणारा आजार असेल आणि खासगी विमा नसेल, तर ती गोष्ट अर्जदाराच्या विरोधात मोठ्या वजनाने धरली जाऊ लागली. मार्च २०२१ मध्ये तो नियम मागे घेतला गेला, पण मूळ कलम तसेच आहे. मधुमेह, हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार यांपैकी कोणताही विकार एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात नाही. तरी आईवडिलांना कायमचे बोलावून घेऊ पाहणाऱ्या अनेक मराठी घरांत आज काळजी असते ती याच आजारांची, आणि कोणत्या सरकारच्या काळात अर्ज तपासला जाईल याची.